साइटवर उभं कोण राहणार?

प्रश्न : मॅडम, आम्ही सांगलीत गावभागात भाड्याने राहतो. तळमजला आहे. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा सामान माळ्यावर टाकून नणंदेकडे जावं लागलं. माझे यजमान झेडपी शाळेत मुख्याध्यापक आहेत, येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतील. मी सहकारी बँकेत आहे, माझी चार वर्षं शिल्लक आहेत. मुलगा बंगळूरला. सासूबाई ८१ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू. कुपवाडच्या बाजूला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आम्ही २००९ मध्ये घेऊन ठेवला आहे. यजमानांचं म्हणणं, आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकले, आता स्वतःचं घर बांधायचं. कंत्राटदाराने मटेरियलसह चौरस फुटाला २,००० रुपये दर सांगितला आहे. १,४०० फुटांचे २८ लाख होतात. मला मात्र विश्रामबागेजवळ सहा बंगल्यांच्या स्कीममधला एक तयार ट्विन बंगला आवडला आहे. खाली हॉल, किचन आणि टॉयलेट, वर दोन बेडरूम. ७२ लाख सांगतात. कम्प्लिशन, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला, दोन महिन्यांत येईल असं बिल्डर म्हणतो, टोकन मात्र आत्ताच मागतो. प्लॉट विकला तर ३६ लाखांपर्यंत येतील. यजमान म्हणतात, २८ कुठे आणि ७२ कुठे. मला भीती वाटते ती बांधकामाच्या कटकटीची. आमच्या घरात वाद नको, तुम्हीच निकाल द्या.
एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, निकाल देते, पण आधी सरांच्या गणितातली चूक दाखवते. गणिताचे शिक्षक असतील तर त्यांना जास्त लागेल.

२८ आणि ७२ ही तुलनाच होऊ शकत नाही. ७२ लाखांत जमीन आहे, २८ मध्ये नाही. प्लॉट आपलाच आहे म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. पण तो विकून ३६ लाख येत असतील, तर त्यावर घर बांधणं म्हणजे ते ३६ लाख त्या घरात घालणंच. शिवाय २,००० च्या दरात काय नाही ते विचारा. कंपाउंड आणि गेट सहसा नसतं. बोअर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक नसते. नकाशा मंजुरीची फी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, वीजजोडणी, सोलर, किचनच्या ट्रॉल्या, पुढच्या अंगणातले पेव्हर हे सगळं बाहेर. तुमच्यासारख्या घराला मी या सगळ्याचे पावणेनऊ लाख धरते. आणि पाया. दरात पाच फूट खोली धरलेली असते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवायचा नसतो. खाली मुरूम लागेपर्यंत जायचं. तो आठ फुटांवर लागला तर सव्वा लाख जादा. झाले दहा. एक वर्षाचं भाडं, महिना ११,००० धरलं तर एक लाख ३२ हजार. बेरीज करा : २८, १०, १.३२ आणि प्लॉटचे ३६. सव्वापंच्याहत्तर लाख.

आता तयार बंगला. ७२ लाख, महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा. खरेदीखत एकट्या तुमच्या नावावर झालं तर स्त्री म्हणून एक टक्का सवलत, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणी फी ३०,००० च्या वर जात नाही. एकूण पंच्याहत्तर लाख नव्वद हजार. बघा, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले. फरक तुमच्या सोफासेटएवढा.

दोन्ही बाजूंना एकेक फट आहे, ती मात्र बुजवून घ्या. बांधकामाच्या बाजूला जीएसटी. मटेरियलसह ठेका घेणारा कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के लागतो. २८ लाखांवर पाच लाख होतात. दर जीएसटीसह आहे की वेगळा, हे लेखी घ्या. फक्त मजुरीचा ठेका दिलात आणि सिमेंट, सळई, विटा स्वतः आणल्या, तर एका स्वतंत्र घराच्या मजुरीवर जीएसटी नाही. मात्र मग प्रत्येक पोत्याचा हिशोब तुमच्या डोक्यावर.

तयार घराच्या बाजूला ते ‘दोन महिन्यांत येणारं’ कम्प्लिशन. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर सगळे पैसे दिले तर जीएसटी नाही. दाखल्याआधी टोकन म्हणून थोडी जरी रक्कम दिलीत तरी बंगला बांधकाम चालू असलेल्यांत मोजला जातो आणि ४५ लाखांवरच्या घराला ५ टक्के लागतात, ७२ लाखांवर ३ लाख ६०. बिल्डरला घाई आहे, तुम्हाला नाही. दाखला हातात येईपर्यंत चेकबुक बँकेतच ठेवा, तसंही तुम्ही दिवसभर तिथेच असता.

स्कीम सहा बंगल्यांची आहे, म्हणजे रेराची, घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची, नोंदणी सक्तीची नाही. आठपर्यंत घरं किंवा ५०० चौरस मीटरपर्यंत जमीन असेल तर सूट आहे. त्यामुळे ‘रेरा नंबर का नाही’ म्हणून भांडू नका. पण ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, ही रेराची तरतूद तुम्हाला आपोआप मिळेल असं गृहीतही धरू नका. खरेदीखतात तेच वाक्य घालून घ्या. ट्विन बंगल्याची मधली भिंत सामाईक असते. उद्या शेजाऱ्याने त्याच्या बाजूला बाथरूम फोडलं तर पाणी तुमच्या हॉलमध्ये येईल. जमिनीचा उतारा प्रत्येकाचा वेगळा निघणार की सहा जणांचा एकत्र, हेही आजच विचारा.

पैसे सारखे निघाले की लोक आवडीनिवडीवर येतात. मी तिथे जाणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, साइटवर उभं कोण राहणार? बांधकाम म्हणजे दहा-बारा महिन्यांची नोकरी आहे, पगार नसलेली. ती घरातल्या कुणीतरी करायची असते. ती करायला कुणी नसेल तर कितीही चांगला प्लॉट असो, तयार घर घ्यावं. तुमच्या घरात उमेदवार आहे आणि ३१ मे रोजी तो मोकळाही होतोय.

पण सरांना ‘मी लक्ष ठेवीन’ म्हणजे काय वाटतं ते तपासा. संध्याकाळी पाच वाजता स्कूटरवर चक्कर मारून ‘काय मिस्त्री, कुठवर आलं’ विचारणं म्हणजे लक्ष ठेवणं असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. संध्याकाळी पाचला साइटवर काहीच दिसत नाही. जे बिघडायचं ते सकाळी आठ ते बारामध्ये बिघडतं आणि दुपारी गिलाव्याखाली जातं.

स्लॅबचा दिवस घ्या. मिक्सर सुरू झाला की मुकादमाला काम उरकायचं असतं. काँक्रीट घट्ट असलं की पसरायला वेळ लागतो, म्हणून तो हळूच एक बादली पाणी जास्त टाकतो. दिसायला छान, सरसरीत. पण तेवढीच ताकद गेली. तिथे उभ्या माणसाने ती बादली बघायची. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर एकच आहे आणि तो बंद पडलाय का, ते आदल्या दिवशी बघायचं. सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे, आहेत की गवंड्याने खडीचे तुकडे सरकवलेत, ते ओतण्याआधी वाकून बघायचं. सळईवर काँक्रीटचं आवरण स्लॅबला २० मिलिमीटर हवं, कॉलमला ४०. कॉलमच्या रिंगांचे आकडे, म्हणजे वळवलेली टोकं, आत, १३५ अंशांत वळवलेले हवेत. काटकोनात सोडलेले आकडे भूकंपात उघडतात. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ बघितलेल्या राज्यात हे गवंड्याला अजून सांगावं लागतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मग पाणी मारणं. हल्ली दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, त्याला किमान दहा दिवस ओल हवी. स्लॅबवर वाळू-मातीची आळी करून पाणी साठवायचं. कॉलमला पोती गुंडाळायची. कंत्राटदाराचा पाणी मारणारा पोरगा तिसऱ्या दिवशी गावी जातो, हा माझ्या तीस वर्षांच्या कामातला सगळ्यात भरवशाचा अनुभव. सरांना रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरावा लागेल. सळई मोजायला कागद-पेन्सिल पुरते. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, आलं मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. हे मात्र सरांना मनापासून आवडेल.

म्हणून त्यांची परीक्षा घ्या. निवृत्तीआधी एखाद्या रविवारी ओळखीच्या कुणाचा स्लॅब पडणार असेल तिथे त्यांना सकाळी साडेसातला पाठवा, संपेपर्यंत थांबू दे. परत आल्यावर उत्साह वाढलेला असेल तर बांधा. ‘चहा बरा होता’ एवढंच म्हणाले तर ट्विन बंगल्याचा दाखला आला का ते विचारा.

आता माझा कल. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : खाली हॉल आणि किचन, वर दोन बेडरूम. गुडघ्यांनी अधू असलेल्या ८१ वर्षांच्या बाईंनी झोपायचं कुठे? हॉलमधल्या दिवाणावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर? आणि दहा-पंधरा वर्षांनी तुमचे गुडघे? तयार घराला रंग बदलता येतो, फरशी बदलता येते, खाली बेडरूम उगवत नाही. तुमच्या प्लॉटवर तळमजल्याला ९०० फूट घेतले तर हॉल, किचन, एक ऐसपैस बेडरूम आणि तिला लागून कमोड, दांडी आणि बिनउंबऱ्याचं दार असलेलं बाथरूम सहज बसतं. मुलगा येईल तेव्हासाठी वर ५००. एवढ्या एका कारणासाठी मी बांधा म्हणते.

वेळापत्रक सरांना लिहून द्या. जूनमध्ये कुदळ मारायची नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा काढला की कडा ढासळतात आणि पंपाचं भाडं भरत बसावं लागतं. मेमध्येच जेसीबीने एक चाचणी खड्डा घ्या, मुरूम किती खाली आहे ते इंजिनिअरने डोळ्यांनी बघू दे. प्लॉटचा पूररेषेचा नकाशाही तेव्हाच काढा. नदीकडच्या निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, तिच्यापलीकडच्या लाल रेषेपर्यंत अटी आहेत. कुपवाडची बाजू उंच आहे हे मलाही माहीत आहे, पण २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. कागद बघितलेला बरा. पावसाळ्याचे चार महिने आराखडा, मंजुरी आणि बँकेत घालवा. दसऱ्याला पाया. जोतं झालं की जोते तपासणीचा दाखला, मगच वर. स्लॅब थंडीत पडेल असं बघा, उन्हाळ्यात पाणी पुरवताना टँकरवाल्याचे पाय धरावे लागतात. त्याच्या पुढच्या दसऱ्याला राहायला जाल. मधला एक पावसाळा सासूबाईंना नणंदेकडे आधीच पाठवा, पुराची वाट बघू नका.

पैसे कामाच्या मागे चालू द्या, पुढे नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी असे टप्पे करारात घाला आणि शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा झाल्यावर देईन असं लिहा. कंत्राटदार कुरकुर करेल. ऐकणाऱ्या कंत्राटदारालाच काम द्या. आणि कंत्राटदाराचाच इंजिनिअर देखरेखीला नको, तुमचा वेगळा हवा.

कटकटीची भीती तुम्हाला वाटते, ती खरी आहे. एक करा : हिशोबाची वही तुम्ही घेऊ नका. दिवसभर बँक करून रात्री विटांची बिलं तपासाल तर चार महिन्यांत दोघांचं बोलणं बंद होईल. वही सरांची, साइट सरांची. ओट्याची उंची, फरशी आणि खिडक्या तुमच्या.

प्रश्न : आम्ही दोघं डोंबिवलीत नोकरी करतो. माझं गाव तासगाव तालुक्यात. चुलत चुलते रस्त्याकडेचा एक गुंठा देतो म्हणतात, चार लाखांत. सातबारा सामाईक आहे, वेगळा होणार नाही, पण नोटरी करून देऊ म्हणतात. नंतर हळूहळू बांधू असा विचार आहे.
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. नात्यात वाईटपणा येईल म्हणून घेत असाल तर अजिबात घेऊ नका, कारण वाईटपणा नंतर जास्त येतो.

१०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही. नोटरीच्या शिक्क्याने फक्त सही कुणी केली ते कळतं, मालकी तुमच्याकडे येत नाही. शेतजमिनीचा एक गुंठा तोडून विकायला १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आडवा आहे. ‘सरकार नंतर नियमित करतं’ असं चुलते म्हणतील. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, नंतर त्याची मुदतही वाढली, हे खरं. पण ती सवलत मागे होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी होती. उद्या करायच्या व्यवहाराचा भरवसा त्यावर ठेवता येत नाही. बँक अशा जागेवर कर्ज देणार नाही. सामाईक सातबाऱ्यावर उद्या चुलत भावंडांनी वाटणी मागितली तर तुमचं घर कुणाच्या हिश्श्यात जाईल, ते तहसीलदारही आज सांगू शकत नाही.

आणि समजा कागद सोन्यासारखे असते, तरी डोंबिवलीत बसून तासगावात ‘हळूहळू’ घर बांधता येत नाही. सुट्टीत चार दिवस येऊन पाहिलेलं बांधकाम हे दाखवण्यापुरतं झाडून ठेवलेलं असतं. जोत्यावर थांबलेली, सळया गंजत उभी असलेली घरं तुमच्या गावाच्या वेशीवरही दोन-चार असतीलच. गावी घर हवंच असेल तर तासगावात बिनशेती जागेवरचं, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं तयार घर बघा. नाहीतर दोघांपैकी एकाच्या निवृत्तीपर्यंत थांबा.

प्रश्न : इचलकरंजीत नवा रो-बंगला घ्यायचं ठरलं आहे. कागद वकिलांनी पाहिले. घर बघताना आम्ही काय बघावं? आम्हाला बांधकामातलं काही कळत नाही.
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नव्या रंगाखाली काय आहे ते बघायचं आहे, म्हणून शक्यतो जोरदार पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जा. तेव्हा घर खोटं बोलत नाही. खिडकीच्या खालचे कोपरे आणि वरच्या बाथरूमखालचं छत हाताने चाचपा, गार ओलसर लागलं तर रंग कितीही ताजा असो, गळती आहे. पावसाळा नसेल तर गच्चीवर दोन बादल्या ओता. पाणी पाइपाकडे पळालं पाहिजे, मधे तळं झालं तर उतार चुकलाय.

एक रुपयाचं नाणं घेऊन फरशीवर टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला तिथे खाली मसाला नाही. भेगांना घाबरू नका, पण त्यांची दिशा बघा. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर पाणी कमी मारलं होतं, चालून जातं. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावरून सरळ उभी रेघ गेली असेल तर तिथे जाळी मारली नव्हती, दुरुस्त करून मागा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून खाली जोत्यापर्यंत गेलेली, नाणं आत जाईल एवढी भेग दिसली तर पाया हलतोय. तिथून निघा, बिल्डरच्या ऑफिसात चहाही घेऊ नका.

सगळे नळ एकदम सोडा. मेनबोर्ड उघडायला लावा, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, तो नसेल तर मुलांना शॉकपासून वाचवणारं काही नाही. टेपने खोल्या मोजा, जाहिरातीतलं क्षेत्रफळ आणि भिंतीच्या आतलं क्षेत्रफळ यांत बऱ्याचदा एक खोली हरवलेली असते. आणि बिल्डरकडे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग, तिन्ही मागा. पहिली दोन तो देईल. तिसरं मागितल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघा. शेवटी हजारो रुपये फर्निचरला घालणारच आहात, त्यातले थोडे एखाद्या इंजिनिअरला देऊन तासभर घर दाखवा.

प्रश्न : स्वयंपाकघर आग्नेयेला काढलं तर जिना पश्चिमेला जातो आणि हॉलची पश्चिमेची मोठी खिडकी जाते. काय करावं? मी उंच आहे, पाच फूट सात इंच, सध्याच्या ओट्याने पाठ धरते.
एक वाचक, मिरज

उत्तर : खिडकी जाऊ द्या. एप्रिल-मेमध्ये मिरजेचं दुपारचं ऊन त्या खिडकीतून हॉलमध्ये येऊन बसलं असतं, जिना ते अडवेल. स्वयंपाकघर आग्नेयेला येतंय म्हणजे घरातली वडीलधारी मंडळीही खूश, आणि सकाळचं ऊन ओट्यावर आलं की तो कोरडा राहतो. खिडकी उत्तरेला काढा, तिथे उजेड येतो, उकाडा येत नाही.

ओट्याचं मात्र मिस्त्रीवर सोडू नका. तो सवयीने ३२ इंच धरेल. तुमच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा, तेवढा ओटा. तुमचा बहुधा ३६ च्या आसपास येईल. मोजताना घरात पायात जे घालता तेच घालून उभ्या राहा आणि फरशी बसल्यावरची उंची सांगा, नाहीतर फरशी आणि मसाला मिळून दोन इंच खाऊन टाकतात.